जॅझची मैफल आणि आपलीं घरें

आमच्या एका वृद्ध वाचकांचें पत्र आलें आहे. त्यांचा नातू मुंबईस महाविद्यालयांत शिकतो. तेथील हिवाळी संगीतोत्सवांत जॅझ या अमेरिकन संगीताची मैफल व्हावयाची असून तींत हे चिरंजीव सॅक्सोफोन वाजविणार आहेत. घरांत आजवर पेटी, तबला आणि फार तर व्हायोलिन यांपलीकडे वाद्य आलेलें नाहीं. ‘हॉटेलांतील नाचाचें हें संगीत आमच्या घरांत कसें येऊं द्यावें?’ असा त्यांचा प्रश्न आहे. मुलाच्या आजीनें तर नातवाशीं बोलणेंच टाकिलें आहे. सातपुड्याच्या पायथ्याशीं खापरास बसून जॅझवर मत देणें कित्येकांस धाडसाचें वाटेल. परंतु विचारणाऱ्यास उत्तर देणें हा मास्तरांचा जुना धर्मच आहे.

प्रथम ‘येऊं द्यावें’ या शब्दांविषयीं. तें येऊन सत्तर वर्षें होऊन गेलीं. १९५१ सालीं ‘अलबेला’ चित्रपट निघाला. नायक व दिग्दर्शक आपले भगवानदादा पालव; संगीत सी. रामचंद्र यांचें. हे सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांपाशीं शिकलेले. १९६३ सालीं ज्या गीतानें दिल्लींत सर्वांचे डोळे पाणावले, त्या ‘ऐ मेरे वतन के लोगों’चे संगीतकारही हेच. त्यांच्या गाण्यांतून जीं पितळी वाद्यें खळाळून हसतात, त्यांच्यामागें उभा होता आंतोनियो झेवियर वाझ नांवाचा गोमंतकीय. बार्देशांतील हळदोण्यास १९१६ सालीं जन्मलेला हा ट्रम्पेटवादक मुंबईंत ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखला जाई. लुई आर्मस्ट्राँग हा त्याचा आदर्श. चितळकरांच्या वाद्यमेळाची रचना करण्यांत त्याचा मोठा वांटा होता आणि ‘अलबेला’ंत तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. १९५७ सालच्या ‘ईना मीना डीका’ या गाण्यांतील कांहीं अक्षरें आपण निरर्थक समजून घोळवितों, त्यांत चक्क कोंकणी शब्द आहेत. आमची खात्री आहे कीं, पत्र लिहिणाऱ्या आजोबांनीं तरुणपणीं यांतलें एखादें गाणें न्हाणीघरांत म्हटलें असेल. आजीबाईंनीं तें दाराआडून ऐकलेंही असेल.

आतां हॉटेलाची गोष्ट. ती खोटी नाहीं. १९३५ सालीं लिऑन ॲबी हा निग्रोवंशीय व्हायोलिनवादक आपला संच घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. मागाहून टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक तेथें वाजवीत असे; हा १९४५ सालीं कलकत्त्यास पटकीनें वारला. मायदेशीं ज्यांस गोऱ्यांच्या पंक्तीस बसतां येत नसे, असे हे कलावंत येथें साहेबलोकांच्या नाचासाठीं वाजवीत, आणि त्यांच्याशेजारीं बसून गोमंतकीय मुलें ती विद्या उचलीत. त्या मुलांस स्वरलिपि अगोदरच येत होती. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांत चर्चला जोडून ज्या शाळा असत, त्यांत स्वरवाचन आणि व्हायोलिन हे नित्याचे विषय होते. कागदावरची रचना पाहतांक्षणीं वाजविण्याचें हें कौशल्य फार थोड्यांपाशीं होतें. म्हणून संस्थानिकांच्या बॅण्डांत, हॉटेलांत आणि पुढें चित्रपटांत या मंडळींस मागणी आली.

परंतु हॉटेल हा दोष मानावयाचा, तर आपल्या ख्याल-ठुमरीचें काय? ज्यांनीं तें गाणें जिवापाड जतन केलें, त्या गायिकांच्या माडीची पायरी आपल्या वाडवडिलांपैकीं कित्येक उघडपणें चढत नसत. मात्र तेंच गाणें ऐकण्यास त्यांचे कान आतुर असत. विष्णु दिगंबर पलुस्करांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढिलें, तेव्हां कुठें गाणें सभ्य घरांत उजळ माथ्यानें शिरलें. विनायकबुवा त्यांचे शिष्य, चितळकर विनायकबुवांचे. म्हणजे ज्या परंपरेनें आपल्या घरांत तंबोरा आणिला, तिच्याच एका शिष्यानें चिक चॉकलेटचा ट्रम्पेटही आणिला. हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो.

जॅझचें जन्मस्थान अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहर. गुलाम म्हणून आफ्रिकेंतून आणिलेल्या लोकांच्या वंशजांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं तें घडविलें. श्रमगीतें, चर्चमधील भजनें आणि लष्करी बॅण्डचीं वाद्यें यांचा तो मेळ होय. १९१७ सालीं जॅझची पहिली तबकडी निघाली, ती मात्र गोऱ्यांच्या संचाची. संगीत एकाचें आणि नांव दुसऱ्याचें, ही रीत अशी आरंभापासूनची आहे.

त्याची वाजविण्याची पद्धति मात्र आपल्या श्रोत्यांस परकी वाटूं नये. सर्वजण मिळून मूळ चाल एकदां वाजवितात. मग एकेक वादक पुढें येऊन तीच चाल आपल्या कल्पनेनें फोडतो, वांकवितो, लांबवितो. बाकीचे ठेका आणि स्वरसंघ सांभाळतात. बहुधा बारा वा बत्तीस मात्राखंडांचें आवर्तन फिरत राहतें आणि शेवटीं सर्वजण मूळ चालीवर परततात. आपले गवई यास उपज म्हणतात. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास तेराव्या शतकांत असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरा’ंत रूपकालप्ति सांगितली आहे, ती याहून फार दूर नाहीं. बांधलेली रचना कायम ठेवून तिचे अवयव निरनिराळ्या रीतीनें फोडणें, यास तो भञ्जनी म्हणतो. हा शब्द न्यू ऑर्लिन्सच्या वादकांस कळता, तर त्यांस फार आवडला असता. भेदही मोठा आहे, तो लपवूं नये. रागांत स्वरांची मर्यादा आहे आणि एकाच षड्जाचा आधार. जॅझमध्यें पायाखालचे स्वरसंघच पावलोपावलीं बदलतात. म्हणून प्रथम ऐकतांना आपल्या कानांस जमीन हलल्यासारखें वाटतें. दोनचारदां ऐकल्यावर तो हेलकावाच रुचूं लागतो. सर्वांस रुचतोच असें मात्र नाहीं. आमच्या घरीं सौ.चें मत अद्यापि प्रतिकूल आहे.

नातवाच्या मैफलीसही मुंबईंत पूर्वपरंपरा आहे. धोबीतलावावर झेवियर महाविद्यालयाशेजारीं रंगभवन नांवाचें खुलें नाट्यगृह आहे. १९७८ च्या फेब्रुवारींत निरंजन झवेरी आणि त्यांच्या ‘जॅझ इंडिया’ या संस्थेनें तेथें ‘जॅझ यात्रा’ भरविली. अमेरिकेचा थोर सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स तींत वाजवून गेला. यात्रा हें नांव आम्हांस फार आवडतें. उघड्या आकाशाखालीं, थंडींत, रात्र रात्र ऐकावयाचें, हा प्रकार आपल्या सवाई गंधर्व महोत्सवासारखाच. गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांनीं तर सॅक्सोफोनवर रागांच्या आधारानें रचना बांधिल्या. पुढें ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळें रंगभवनांतील मैफली बंद पडल्या. पुण्याच्या मंडपांतली पहाटेची भैरवीही त्याच नियमांनीं गेली. या बाबतींत दोन्ही संगीतांचें दुःख एकच आहे.

तेव्हां आजोबा, आमचा सल्ला असा: आजींसह मुंबईस जावें आणि पुढच्या रांगेंत बसावें. सॅक्सोफोनचा नाद दणकट असतो, कानाशीं थोडा कापूस ठेवावा. नातू मूळ चालीपासून किती दूर जातो आणि परत नीट येतो कीं नाहीं, हें पाहावें. तें पारखण्याइतकें गाणें आपण ऐकलेलें आहे. परत न आला, तर घरीं आल्यावर अवश्य रागवावें. रियाज मात्र पहाटे करूं नये, शेजाऱ्यांचाही विचार हवा.

झेवियरच्याच चौकांत १९५८ सालीं आणखी एक मैफल झाली होती. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस या व्हायोलिनवादकानें चित्रपटांतील वादक जमवून मोठा वाद्यवृंद उभारिला, भारतीय रागांवर स्वतः रचना केल्या आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांस त्यांत गावयास लाविलें. पुढें १९६५ सालीं तो अमेरिकेस गेला, परत येऊन गोव्यांत राहिला आणि २०१२ सालीं वारला. चित्रपटसृष्टि त्यास विसरली होती. परंतु त्याचा एक विद्यार्थी विसरला नव्हता. तो विद्यार्थी म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडींतील प्यारेलाल. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ंतील ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ या गाण्यांत त्यांनीं आपल्या गुरूचें नांव गुंफिलें.

हें गाणें आमच्याकडे लग्नसराईंत बॅण्डवाले हमखास वाजवितात. वरात मारुतीच्या देवळापाशीं थबकते, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट पुढें होतात, आणि वऱ्हाडांतील लहान मुलें तें नांव ओरडून नाचूं लागतात. त्या नांवाचा एक शिक्षक खरोखर होऊन गेला, हें गेल्या वैशाखांत आम्हीं मांडवांत दोघांतिघांस सांगितलें. व्याह्यांस तें खरें वाटलें नाहीं. ट्रम्पेट वाजविणारा पोरगा मात्र पंगत उठल्यावर आमच्याकडे आला आणि तें नांव कागदावर लिहून द्या म्हणाला.