बिनड्रायव्हरचा प्रिंटर

आपल्या कॉलेजात लिनक्सवाल्यांची काही कमी नाही. भेटेल त्याच्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून देणारे दोन-चार जण प्रत्येक बॅचला असतातच. पण घरी प्रिंटर घ्यायचा म्हटलं की हीच मंडळी "घे कुठलाही, होतं सगळं" असं सांगून मोकळी होतात! मला हे अजिबात पटत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री प्रिंट निघाली नाही, तर घरचे एकच म्हणणार, "टाक ते विंडोज परत." आणि त्यांचं चुकतं असंही नाही.

गंमत म्हणजे फ्री सॉफ्टवेअरच्या चळवळीमागेही एक प्रिंटरच आहे. साधारण १९८० साली एमआयटीच्या एआय लॅबमध्ये झेरॉक्सचा (गल्लीतलं नव्हे, खरंखुरं झेरॉक्स!) लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा, अशी सोय रिचर्ड स्टॉलमनने जुन्या प्रिंटरला केली होती. नव्याचा सोर्स कोडच मिळेना. १९८३ मध्ये त्याने जीएनयू प्रकल्प जाहीर केला, आणि त्यामागचं एक कारण म्हणून हा किस्सा तो स्वतःच सांगतो.

घोळ आजही तोच आहे. स्वस्तातले बरेच लेझर प्रिंटर पान स्वतः तयार करत नाहीत. ते काम कॉम्प्युटरवर ढकलतात आणि कंपनीच्या खासगी भाषेत तयार ठिपके मागतात. काहींना तर दर वेळी चालू केल्यावर फर्मवेअरसुद्धा कॉम्प्युटरनेच भरवावं लागतं. ती भाषा येणारा ड्रायव्हर कंपनीने लिनक्ससाठी दिला नाही, तर संपलं. दिला, पण कोड बंद ठेवला, तर पुढे सिस्टिम अपग्रेड केल्यावर तो चालेलच याची खात्री कोण देणार?

यातून वाट निघाली ती मोबाइलमुळे. फोनवर ड्रायव्हर कोण टाकत बसणार? म्हणून २०१० मध्ये ॲपलने एअरप्रिंट आणलं, ज्यात प्रिंटरनेच ठरलेली भाषा बोलायची. २०१३ मध्ये त्याच धर्तीवर आयपीपी एव्हरीव्हेअर हे खुलं स्टँडर्ड आलं. लिनक्सची छपाई सांभाळणारं कप्स दोन्ही ओळखतं. तेव्हा खोक्यावर 'लिनक्स' शब्द शोधू नका, 'एअरप्रिंट' शोधा. दुकानदाराला विचारायचं ते एवढंच, "आयफोनवरून थेट प्रिंट निघते का?" याचं उत्तर त्याला माहीत असतं. (ॲपलच्या नावाने लिनक्सची सोय बघायची, काय दिवस आले!) असा प्रिंटर थोडा महाग पडतो, पण ते पैसे मी आनंदाने देईन.

ऑल-इन-वन घेताना स्कॅनरची चौकशी वेगळी करावी. प्रिंट निघाली म्हणजे स्कॅन होईलच असं नाही. ई-एससीएल ही स्कॅनिंगची भाषा मशीनला येत असेल, तर सेन-एअरस्कॅन बहुतेक वेळा काम भागवतं. सुटा फ्लॅटबेड घेणार असाल, तर सेन प्रकल्पाच्या यादीत तुमच्या मॉडेलपुढे 'कम्प्लीट' किंवा 'गुड' आहे का ते बघा. 'मिनिमल' असेल तर राहू द्या. मॉडेल नंबर मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, कारण एका 'डब्ल्यू'ने वायफाय असतं किंवा नसतं.

इंकजेट की लेझर? रोज फोटो छापणार असाल तर इंकजेट घ्या. आपल्यासारखं सेमिस्टरच्या शेवटीच छापायचं असेल, तर शाई मधल्या काळात नोझलमध्ये वाळून बसते. टोनर ही पावडर असल्यामुळे तो प्रश्नच येत नाही. मी घरी ब्लॅक अँड व्हाइट लेझरच मागितलाय. रंगीत ग्राफ काय, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणता येतात.