तिचे नाव कुठल्या वहीत आहे?

मच्छीमार कुटुंबाची शोकांतिका रंगभूमीला फार आवडते. दक्षिण कोरियातले चॉन सुंग-से यांचे ‘मानसन’ हे 1964 चे नाटक घ्या. नावाचा अर्थ ‘भरलेली बोट’. कर्जात बुडालेला मच्छीमार, बोटमालकाचा तगादा, आणि एकदा बोट भरून आली की सगळे फिटेल ही आस. तो वादळात बोट घालतो, आणि मुलगा जातो. मुलीला पैसेवाल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायचा घाट असतो. ती गळफास घेते. आई भ्रमिष्ट होते आणि तान्ह्या मुलाला होडीत घालून दूर पाठवून देते. का, तर तो तरी मच्छीमार होऊ नये.

त्याआधी साठ वर्षे, 1904 मध्ये, आयर्लंडच्या सिंजचे ‘रायडर्स टु द सी’ रंगभूमीवर आले. त्यातली म्हातारी सहाच्या सहा मुलगे समुद्राला देते. आपल्याकडे वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ही 1964 चेच. त्या मूळ कथेतही धीवराच्या मुलीच्या लग्नाचा सौदा बापच करतो.

मी या नाटकांची वैरी नाही. ‘मानसन’ने एक गोष्ट अचूक पकडली आहे : कर्ज पुरुषाच्या नावावर असते आणि फेड बाईच्या अंगावर पडते. पण मैत्रिणींनो, या सगळ्या नाटकांत तिला दोनच भूमिका का? एक रडणारी आई, दुसरी विकली जाणारी मुलगी. पहाटे लिलावात बोली लावणारी, बर्फाचा हिशेब करणारी, मासळी विकून घराचा खर्च चालवणारी बाई कुठे आहे?

गेली काही वर्षे मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वाड्यांतून काम करते आहे. खारवी, भंडारी, दालदी मुसलमान, सगळ्यांच्या घरात जाते. मिरकरवाड्याला, हर्णैला बोट लागल्यावर किनाऱ्यावर जे काम सुरू होते ते निम्म्याहून अधिक बायकांचे असते. मासळी निवडायची, खारवायची, सुकवायची, कोळंबी सोलायची, पाटी डोक्यावर घेऊन दारोदार विकायची. आणि सरकारी भाषेत याला काय म्हणतात? ‘संलग्न कामे’. बोटीवर जातो तो मच्छीमार. त्याची मासळी पैशात बदलते ती संलग्न!

युक्तिवाद नेहमीचा आहे. “बाई समुद्रावर जात नाही, मग ती मच्छीमार कशी?” नांगर धरत नाही म्हणून बाई शेतकरी नाही, असेही एके काळी म्हणत. त्याला उत्तर म्हणून शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, आणि हजारो घरांत सातबारावर बाईचे नाव लागले. एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. पण शेतीच्या सवलती घेताना शेतीतल्या बायकांच्या लढ्याचा धडा घ्यायचा नाही, असे कसे चालेल? बोटीचे नोंदणीपत्र कोणाच्या नावावर? मासेमारीचा परवाना कोणाचा? डिझेलचा परतावा कोणाच्या खात्यावर? बोट घेताना मात्र मोडलेले दागिने तिचे असतात.

आता सर्वांत दुखऱ्या मुद्द्यावर येते. सिंजच्या नाटकात बहिणी बुडालेल्या भावाला ओळखतात ते मोज्यावरच्या टाक्यांवरून. विणताना सुटलेले टाके बहिणीच्या लक्षात असतात. प्रेक्षक गहिवरतात. आपल्याकडे अंगावरचा कपडाही परत येत नाही, तेव्हा काय होते? नोव्हेंबर 2009 मधल्या फयान वादळानंतर या किनाऱ्यावर अनेक घरांनी हे भोगले आहे. प्रेत नाही, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. माणूस बेपत्ता असेल तर सात वर्षे ठावठिकाणा न लागल्यावरच त्याला मृत मानायचे, ही पुराव्याच्या कायद्यातली तरतूद. 2024 च्या जुलैपासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्यातही ती तशीच राहिली. दाखला नाही म्हणजे विम्याचा दावा अडतो, विधवा पेन्शन अडते, बोट नावावर होत नाही. व्यापाऱ्याची उचल मात्र अडत नाही. ती मागायला माणूस दुसऱ्या महिन्यात दारात उभा राहतो. कुंकू पुसायचे की ठेवायचे हे नातेवाईक आठवड्यात ठरवतात, आणि सरकार सात वर्षे थांबायला सांगते.

यात बदल अशक्य आहे का? मुळीच नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर आणि 2013 च्या उत्तराखंडच्या प्रलयानंतर बेपत्ता माणसांसाठी ही वाट सरकारनेच जवळची केली होती. म्हणजे हजारो माणसे एकदम गेली तर सरकारला मार्ग सापडतो. एका बोटीवरचे चार खलाशी गेले तर सापडत नाही. त्या चार बायकांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचत नाही, एवढेच याचे कारण.

दुसरीकडे तिचा धंदाच आटतो आहे. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांना सप्टेंबर ते डिसेंबर अशी मुदत घातली. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. या वादात छोटा मच्छीमार आणि पर्ससीनवाला एकमेकांसमोर उभे राहतात, सभा होतात, मोर्चे निघतात. त्यात बाईचा प्रश्न कोणी विचारत नाही. तारली टनाने उतरते आणि थेट ट्रकमध्ये, तिथून कुटी-तेलाच्या कारखान्यात जाते. जिची ऐपत एका पाटीची, तिने टनाच्या लिलावात बोली कशी लावायची? मिरकरवाड्यातल्या कित्येक घरांची चूल पर्ससीनवरच पेटते हेही मी जाणते. म्हणून मी एका बाईला दुसरीविरुद्ध उभी करणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की जाळे कोणतेही असो, उतरलेल्या मासळीतला ठरावीक हिस्सा किरकोळ विकणाऱ्या बायकांसाठी लहान वाट्यांत लिलावाला आला पाहिजे.

समुद्रावरच्या मरणाला बाईच जबाबदार, ही समजूतही अजून मेलेली नाही. थकळींच्या ‘चेम्मीन’ (1956) या मल्याळी कादंबरीने ती देशभर पोचवली : नवऱ्याचा जीव बायकोच्या पातिव्रत्यावर तगतो. आपल्या वाड्यांत ती त्या शब्दांत नसेल, पण “हिचा पायगुण” हे शब्द मी दुखवट्याच्या घरात ऐकले आहेत. बोट बुडते ती जुन्या इंजिनाने, हवामानाचा इशारा धुडकावून कर्जापायी बाहेर पडल्याने. त्याचा पातिव्रत्याशी काय संबंध?

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या, सोलणाऱ्या प्रत्येक बाईला स्वतःच्या नावाचे मच्छीमार ओळखपत्र. बोटीच्या नोंदणीवर नवरा-बायको दोघांची नावे. बेपत्ता खलाशाची चौकशी सहा महिन्यांत पुरी करून दाखला. आणि बंदराच्या आराखड्यात बायकांसाठी ओटा, सावली, पाणी, संडास. जानेवारी 2025 मध्ये मिरकरवाडा बंदरातली बांधकामे पाडून जागा मोकळी करण्यात आली. त्या मोकळ्या जागेच्या नकाशात बायकांचे ओटे आहेत का, हे आताच विचारले पाहिजे; काँक्रीट पडल्यावर विचारून उपयोग नाही.

सुरुवात आपल्याच गटांनी करावी. प्रत्येक वाडीत एक वही घाला. कोण काय काम करते, किती तास, बोटीत कोणाचे किती पैसे अडकले, कोणाचा माणूस कधीपासून परतला नाही, हे त्या बाईच्या तोंडून लिहून घ्या. मत्स्यव्यवसाय खात्याच्या दारात जाताना हातात ती वही असली पाहिजे. आणि रत्नागिरीच्या नाटकवाल्या मित्रांनाही ती वाचायला द्या. पुढच्या स्पर्धेसाठी कोळीवाड्यावर नाटक लिहायला घेतील, तेव्हा त्यांना रडण्यापलीकडची बाई त्यात सापडेल.