बालक्षयरोगाचा नकाशा आणि निवासी शाळांची जबाबदारी

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आपल्या देशात आहेत, हे आपण अनेकदा ऐकतो. त्यांतील मुले कोठे आहेत, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात फुफ्फुसाच्या क्षयाचे प्रमाण दिल्लीत सर्वाधिक, म्हणजे लाखामागे 534, तर केरळात सर्वांत कमी, म्हणजे 115 आढळले. एकाच देशात साडेचार पटींचे हे अंतर दाट वस्ती, अपुरा आहार आणि उपचारातील विलंब यांच्याकडे बोट दाखवते. परंतु ही पाहणी 15 वर्षे व त्यावरील व्यक्तींपुरतीच होती. मुले त्या नकाशावर नाहीत.

मुलांसाठी उरते ती शासनदरबारची नोंद. जगातील अंदाजित क्षयरुग्णांत मुलांचा वाटा सुमारे 12 टक्के आहे. भारतातील नोंदींत तो जेमतेम 6 टक्क्यांच्या आसपास दिसतो. यावरून आपली मुले अधिक निरोगी आहेत असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. लहान मुलाला बेडका काढता येत नाही, त्याच्या नमुन्यात जंतूही थोडेच सापडतात. त्यामुळे निदानासाठी क्ष-किरण, प्रयोगशाळा व जाणकार डॉक्टर लागतात आणि ही सोय प्रामुख्याने शहरांत आहे. म्हणजेच महानगरातील मोठा आकडा काही अंशी तपासणीचा आकडा असतो. अक्कलकुवा वा भामरागडसारख्या दुर्गम तालुक्यातील आकडा लहान असला, तरी तेवढ्यावरून निश्चिंत राहता येणार नाही.

मुलाला क्षय बहुधा घरातील वा निकटच्या प्रौढाकडून होतो. ऊसतोडीला, वीटभट्टीवर वा शहरात मजुरीला गेलेला पालक खोकला घेऊन परततो आणि तो जंतू मुलाच्या श्वासात उतरतो. म्हणून एक मूल आजारी आढळले, तर त्याच्या सगळ्या घराची तपासणी व्हायला हवी.

येथे निवासी शाळा मोठे काम करू शकतात, असे माझे ठाम मत आहे. अनेक गावांची मुले येथे एकत्र राहतात, एका छताखाली झोपतात. दर महिन्याला वजनाची नोंद ठेवावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला वा ताप, वजन न वाढणे, घरात क्षयरुग्ण असणे यांपैकी एकही गोष्ट आढळल्यास त्या मुलाला तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे. शयनगृहाच्या खिडक्या उघड्या असाव्यात. ताटात डाळ पुरेशी असावी. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा तांदूळ व डाळ पुरवण्याचा प्रयोग झाला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी घटले.

पालकांनी घरातील आजार शाळेपासून लपवू नये आणि शाळेने त्यासाठी कोणत्याही मुलाला दूर लोटू नये. औषधोपचार विनामूल्य आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर, परिचारिका वा शिक्षक झाले आहेत, त्यांनी वर्षातून दोन दिवस आपल्या शाळेतील मुलांच्या तपासणीसाठी द्यावेत. नकाशावरची कोरी जागा अशानेच भरत जाईल.