खाऱ्या पाण्याची टाकी लावताय? आधी मे महिन्याचा हिशोब मांडा



कुडव्यासारख्या गावात, समुद्रापासून इतक्या दूर, सॉल्टवॉटर टाकी कमी बजेटमध्ये जमते का? जमते. पण माझं मत असं, की पैसा आधी पाण्यावर लावा, माशांवर नाही.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. म्हणजे 100 लिटरला साडेतीन किलो मरीन सॉल्ट. घरचं मीठ चालत नाही. दर आठवड्याला 10 लिटर पाणी बदललं, तर महिन्याला जवळपास दीड किलो आणखी. हा खर्च कायमचा. 'स्वस्त पडेल' म्हणून 30 लिटरची टाकी घेऊ नका, कमी पाणी लवकर बिघडतं.

खरी परीक्षा मे महिन्यात. बाहेर 44-45 अंश, टाकीला हवेत 25-26. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, त्यापुढे चिलर. त्याचं वीजबिल आत्ताच धरा.

मासे चार-सहा आठवड्यांनी, अमोनिया शून्य आल्यावरच. हॅचरीतले दोन क्लाउनफिश पुरेत. कोरल आणि समुद्रघोडे विकायचेच नाहीत, त्यांना वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं संरक्षण आहे.

दुकानाचं भाडं गप्पी-गोल्डफिशच काढतील. उसने पैसे घेऊन पाच टाक्या मांडू नका. एक टाकी एक उन्हाळा टिकवून दाखवा, मगच गिऱ्हाईकाकडून अ‍ॅडव्हान्स घ्या. मासा मेला की पैशाआधी तुमचं नाव जातं.