अपहरणाचा गुन्हा : आधी जन्मतारीख पाहा

वस्तीतील तरुण आणि सवर्ण घरातील मुलगी यांनी लग्नासाठी गाव सोडले की फिर्यादीत एक वाक्य हमखास येते : 'फूस लावून पळवून नेले.' या चार शब्दांवर तरुणाच्या दारात पोलीस येतात, म्हाताऱ्या आईबापांना ठाण्यात बसवून ठेवले जाते आणि सारी वस्ती दहशतीखाली जाते. म्हणूनच हा गुन्हा कायद्याने नेमका काय आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुने कलम ३६३ आता १३७ झाले. शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जबरीने लग्न लावण्यासाठी स्त्रीला पळवल्यास जुने ३६६, आता ८७. शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि गुन्हा अजामीनपात्र.

या सर्वांचा कणा आहे वय. अठरा वर्षांखालील मुलीला पालकांच्या संमतीविना त्यांच्या ताब्यातून नेले की कलम १३७ लागते. तेथे मुलीची संमती कायदा विचारत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर मात्र बळजबरी किंवा फसवणूक सिद्ध करावी लागते आणि बापाच्या संमतीचा प्रश्नच उरत नाही. २००६ साली निकाल लागलेल्या लता सिंग प्रकरणात सज्ञान मुलीने आंतरजातीय विवाह केला म्हणून नवऱ्याच्या बहिणींनाही अटक झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला आणि अशा जोडप्यांना संरक्षण देण्याचे आदेश देशभरच्या पोलिसांना दिले.

पण आमच्या तरुणांनाही आम्ही स्पष्ट सांगतो : मुलगी सतराची असेल तर थांबा. १९६५ च्या वरदराजन निकालानुसार समज असलेली मुलगी स्वतःहून घर सोडून आली, तर तिला केवळ सोबत राहू देणे म्हणजे 'नेणे' नव्हे. हा बचाव आहे, पण तो खटल्यात सिद्ध करावा लागतो, तोवर तुरुंगात दिवस जातात. शिवाय २०१२ चा पोक्सो कायदा आहेच. शरीरसंबंध आला तर तेथे किमान दहा वर्षांची शिक्षा आहे आणि मुलीच्या 'होकारा'ला किंमत नाही. लग्नासाठी मुलाचे वयही एकवीस पूर्ण हवे.

गुन्हा दाखल झालाच तर पळापळ करू नये. मुलीचा शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास जन्मनोंदीचा उतारा आधी मिळवावा. सज्ञान मुलीचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवण्याचा आग्रह धरावा. अटकपूर्व जामिनासाठी तातडीने वकील गाठावा. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. अटकेनंतर चोवीस तासांत न्यायालयापुढे हजर करणे पोलिसांना बंधनकारक आहे. आरोपी सापडत नाही म्हणून त्याच्या आईबापांना डांबणे बेकायदेशीर आहे. फिर्याद खोटी आणि द्वेषमूलक असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याखाली तोही गुन्हा ठरतो. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांनाही हे संरक्षण आहे. मात्र जातीचा दाखला हाताशी हवा.

याच कलमाची दुसरी बाजूही विसरू नये. आमची अल्पवयीन लेक बेपत्ता झाली की 'गेली असेल कुणाबरोबर, येईल परत' असे सांगून आईला ठाण्यातून परत पाठवले जाते. बेपत्ता बालकाची तक्रार आली की अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बजावले आहे. त्या आईसोबत ठाण्यात जाऊन त्याच दिवशी गुन्हा नोंदवून घेणे हेसुद्धा चळवळीचेच काम आहे.

आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले. त्या वाटेने निघालेल्या तरुणांना नुसत्या टाळ्या पुरत नाहीत. त्यांच्या हाती कायदा द्या, आणि सज्ञान जोडपे ठाण्याची पायरी चढेल तेव्हा त्यांच्या मागे उभे राहा.