पंप कुणाच्या पाठीवर?

फवारणीचं काही विचारायचं असलं की आमच्या बाहेरगावच्या नातेवाइकांना यवतमाळ आठवतं. नागपूरच्या माझ्या भाच्याने बंगल्यांच्या आवारातली हिरवळ राखायची कामं घ्यायला सुरुवात केली आहे. त्याचा प्रश्न असा, "मावशी, पाठीवरचा पंप कोणता घेऊ? हाताचा, बॅटरीचा की पेट्रोलचा?" टाकी किती लिटरची, दाब किती, दिवसात किती बंगले उरकतील, सगळं त्याने वहीत मांडून ठेवलं होतं. तो पंप कुणाच्या पाठीवर जाणार, एवढं मात्र वहीत नव्हतं. रोजंदारीने दोन मुलं ठेवणार आहे म्हणे.

मंडळी, माझं मत स्पष्टच सांगते. पंप निवडतो पैसे देणारा आणि वाहतो दुसराच. म्हणून दुकानात "एका दिवसात किती एकर?" हा प्रश्न पहिला येतो, आणि "हा पाठीवर घेऊन सहा तास चालता येईल का?" हा प्रश्न येतच नाही.

2017 साली आमच्या जिल्ह्यात काय झालं ते आठवा. जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसेक माणसं दगावली. कुणाची दृष्टी अधू झाली, कुणी दिवसेंदिवस यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात पडून होतं. नोव्हेंबरात मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर दोन महिन्यांची बंदी आली. कारणांची चर्चा झाली त्यात औषधं होती, माणसाच्या डोक्यावर गेलेली पऱ्हाटी होती, आणि बारीक तुषार उडवणारे नवे स्वस्त पंपही होते. पण शेवटी बोट वळलं ते मजुराकडे. मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत!

आता हा थेंबाचा हिशोब बघा. एका थेंबाचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच पाण्याचे आठ थेंब होतात. मोठा थेंब पानावर पडतो. अगदी बारीक थेंब हवेत तरंगतो, आणि माणूस श्वास घेतो ती हवाही तीच असते. म्हणजे दाब जास्त आणि नोझल बारीक, की औषध पिकावर कमी आणि माणसावर जास्त. मास्क हा पुढचा उपाय झाला. ऑक्टोबरच्या उन्हात प्लॅस्टिकचा अंगरखा घालून अर्धा तास उभं राहून बघा, मग मजुराला नावं ठेवा. चांगला पंप मात्र मजुराच्या सोसण्यावर अवलंबून नसतो. धोका तिथेच कमी होतो, जिथे तो तयार होतो.

हाताचा पंप स्वस्त. दाब बेताचा, पण एक हात सारखा दांडा मारत राहतो आणि संध्याकाळी खांदा भरून येतो. बॅटरीचा पंप खांदा वाचवतो, पण त्याचा दाब एकसारखा राहतो आणि माणूस दमत नाही म्हणून काम थांबतही नाही. दाब कमी-जास्त करायची सोय असेल तरच तो घ्यावा. पेट्रोलचा पंप म्हणजे कानाशी इंजिन, पाठीला हादरे आणि वर धूर. बंगल्याच्या अंगणात त्याचं काम नाही. टाकीचंही तसंच. सोळा लिटर पाणी म्हणजे सोळा किलो, वर पंपाचं वजन. वीस किलोच्या पुढचं हे ओझं एखाद्या सडपातळ पोराच्या पाठीवर चढवायचं! दहा-बारा लिटरचा घ्यावा. दोन खेपा जास्त झाल्या तर काही बिघडत नाही.

आणखी एक घोळ. औषधाची मात्रा सांगताना आमच्याकडे "पॉवर पंपाला तिप्पट" असं सांगतात. कारण इंजिनाच्या पंपाला एकरी पाणी फार कमी लागतं, म्हणून टाकीतलं औषध दाट. पण लोक बॅटरीच्या पंपालाही पॉवर पंपच म्हणतात. त्यात तिप्पट औषध ओतलं तर काय होईल, ते सांगायला नको. ज्या पंपाच्या नावातच असा घोटाळा आहे, त्याची मात्रा विकणाऱ्याने कागदावर लिहूनच द्यायला हवी.

हिरवळीसाठी थोडं वेगळं सांगते. ग्लायफोसेट मारलं तर तणाबरोबर हिरवळही जळेल. शिवाय ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावं, अशी अधिसूचना केंद्र सरकारने 2022 साली काढली. टू-फोर-डी रुंद पानांचं तण मारतं आणि गवत ठेवतं. पण त्याचा अंश उरलेला पंप कुणी कपाशीवर वापरला तर पानं वेडीवाकडी होतात. म्हणून तणनाशकाचा पंप कायम वेगळा, त्यावर रंगाने खूण केलेली. नोझल पंख्यासारखं सपाट फवारणारं, दाब कमी, आणि वाऱ्याच्या दिवशी सुट्टी.

पंपाबद्दल बोलताना बायकांचा विषय कधी निघत नाही. बांधावर घागरीने पाणी आणणारी बाईच असते, आणि फवारलेले कपडे रात्री धुणारीही तीच. हाताच्या पंपाने एकरी दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. तेवढं आणणं कमी व्हावं म्हणून घरोघरी कमी पाण्याचा पंप हवासा वाटतो, आणि कमी पाणी म्हणजे दाट औषध. ही ओढाताण दुकानातल्या माहितीपत्रकात सापडणार नाही. शेताजवळ पाण्याची टाकी ठेवली तर पंपाची निवडच बदलेल, असं मला वाटतं.

भाच्याला मी एकच परीक्षा सांगितली. दुकानात साधं पाणी भर, पंप त्या मुलाच्या पाठीवर दे आणि त्याला चपलेचा पट्टा नीट करायला वाकायला सांग. झाकणातून मानेवर पाणी आलं, तर तो पंप फुकट मिळाला तरी नको. पट्टा रुंद आहे का, खांद्यात रुततो का, हे त्यालाच विचार. वायसर गावात मिळतात का, तेही बघ. गळका पंप दुरुस्त होत नाही तोवर तो कुणाच्या तरी पाठीवर गळतच असतो.

हे सगळं केल्यावर पंप चारपाचशे रुपयांनी महाग पडेल, आणि दिवसात एखादा बंगला कमी होईल. मालकाला हा तोटा वाटतो. मला वाटतं, ही त्या कामाची खरी किंमत आहे. आजवर ती मजूर आपल्या अंगावर भरत आला.