खोलण्याआधी लिहा

गुलमंडीतले दुकान असो की पैठण गेटचे, एक पाटी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे: ‘दुरुस्तीत फोन डेड झाल्यास दुकान जबाबदार नाही.’ ती टांगली की आपण सुटलो, असे आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटते. पण ग्राहक आयोगापुढे हलगर्जीपणा झाकायला ही पाटी पुरत नाही.

20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा आहे. सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत हलगर्जीपणा येतो आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणेही येते. आपण अडकतो ते बहुधा या दुसऱ्या गोष्टीत.

समजा, कन्नडहून आलेला एक विद्यार्थी चार्जिंगची तक्रार घेऊन येतो. फोन महिन्याभरापूर्वी पावसात भिजलेला, आत बोर्डला गंज. हॉटगन लावली, पिन बदलली, चार्जिंग सुरू झाले आणि नेटवर्क गेले. गंजलेल्या बोर्डवर उष्णता दिली की आधीच कमजोर झालेला एखादा जोड सुटू शकतो, हे आपल्याला माहीत असते. त्याला माहीत नसते. त्याच्या लेखी चालता फोन आपण बिघडवला. चूक आपली नसेलही, पण हा धोका खोलण्याआधी का सांगितला नाही, याला पाटी उत्तर देत नाही.

म्हणून जॉबशीट. नुसते ‘चार्जिंग प्रॉब्लेम’ लिहिलेली चिठ्ठी नव्हे. फोन घेताना नेटवर्क, टच, दोन्ही कॅमेरे, माईक, स्पीकर त्याच्यासमोर तपासून लिहा. फोन बंद असेल तर ‘बंद असल्याने तपासता आला नाही’ असे लिहा. खोलल्यावर गंज दिसला तर काम थांबवा, बोर्डचा फोटो ग्राहकाच्या घरच्यांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि होकार आल्यावरच हॉटगन उचला. गर्दीच्या वेळी हे जड जाते, मान्य. पण गर्दीतच भांडणे होतात. ‘ओरिजिनल’ हा शब्दही जपून वापरा. कॉपी डिस्प्ले ओरिजिनल म्हणून बसवणे ही सरळ अनुचित व्यापारी प्रथा आहे.

त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात स्पष्ट केले आहे. हे ऐकून कोणी निवांत होऊ नये. सेवेची पावती न देणे हीच कायद्याने अनुचित प्रथा आहे. मग पावती न देणारा दुकानदार स्वतःच ग्राहकाच्या हाती मुद्दा देतो. पावतीवर मुदत छापलेली नसेल, तर सदोष सेवेचे पैसे परत करण्यासाठी कायदा 30 दिवस धरतो. ज्या कामाची हमी सात दिवसांची, त्यावर सात दिवस असे छापा.

कायदा आपल्याही बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 170 सांगते की, वस्तूवर कौशल्याचे काम ठरल्याप्रमाणे पुरे केले असेल, तर त्याची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. मात्र ठेवून घेता येते, विकता येत नाही. खणात पडून राहिलेले बेवारस फोन सुट्या भागांसाठी फोडणारे आपल्यात आहेत. ती सवय एक दिवस महागात पडेल.

तक्रार दाखल करणे ग्राहकाला आता सोपे झाले आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते. म्हणजे दुकान गुलमंडीत असले तरी नोटीस जालन्याहून येऊ शकते. ती आली की गल्ल्याखाली सारू नका. उत्तराला 30 दिवस असतात, आयोगाने वाढवून दिले तर आणखी 15. त्यापुढे सवलत देण्याचा अधिकार आयोगालाही नाही, असे घटनापीठाने मार्च 2020 मध्ये जुन्या कायद्यातल्या याच मुदतीबद्दल सांगितले आहे. सेहेचाळिसाव्या दिवशी नेलेली जॉबशीट कितीही नीट भरलेली असली, तरी आपली बाजू मांडणारे लेखी उत्तर तिच्यासोबत दाखल होत नाही.